फुकटच्या तेलाचा उजेड

रुद्रपट्टणच्या डोंगराखाली तेल सापडलं आणि राजा भूपसेनाचं नशीब उघडलं. त्याने घरोघरी दिव्याला फुकट तेल दिलं. लोक त्याला मायबाप म्हणू लागले. मग त्याने गावोगावचे दवंडीवाले बंद केले आणि सरकारी दवंडी तेवढी ठेवली. पुढे तेलाची एक विहीर खचून मजूर गाडले गेले. कान्हू दवंडीवाल्याने ते चौकात पुकारलं, म्हणून त्याला कोठडीत टाकलं.

कान्हूची बहीण सगुणा भर दरबारात दाद मागायला आली. राजा हसून म्हणाला, "माझं काय चुकलं ते या सभेला पटवून दे. पटलं तर भाऊ सुटेल, नाही तर तूही आत जाशील. बोल, तुझ्या घरात तेल कोण देतं?"

लोकांनी जयजयकार केला. सगुणा पुढे होऊन बोलली.

"तुम्हीच देता, महाराज. पण दिवा लावायचा कशासाठी?"

"दिसावं म्हणून."

"विहीर खचली तेव्हा अंधार होता. तुमच्याच तेलाचा दिवा घेऊन माझा भाऊ तिथं धावला. त्या उजेडात जे दिसलं, तेच त्याने सांगितलं. दिसलेलं सांगणं गुन्हा असेल, तर सगळ्यांचं तेल परत घ्या. नसेल, तर माझा भाऊ परत द्या."

सभेतले लोक राजाकडे बघू लागले. तेल परत घ्यायची राजाची छाती नव्हती. त्याने कान्हूला सोडायला मान डोलावली.

कान्हूला बाहेर आणलं. त्याची जीभ छाटलेली होती.

सगुणा रडली नाही. तिने त्याच्या हातात त्याची दवंडीची हलगी दिली. तो वाजवत पुढे चालला आणि गाडल्या गेलेल्यांची नावं ती पुकारत गेली.