शिलाद्वाराचा आडोसा

वाराणसीच्या गादीवर ब्रह्मदत्त होता, त्या काळी बोधिसत्त्वाने गोदावरीकाठच्या अरण्यात एका हत्तिणीच्या पोटी जन्म घेतला. अंगाने तो काळानिळा, म्हणून अश्मक देशाचे लोक त्याला मेघनील म्हणत. बळ एवढे की उन्मळून पडलेला साग एकटा ओढून आणी, आणि स्वभाव असा की गावच्या कोंबड्या त्याच्या पायांत निर्धास्त दाणे टिपत. सोमिल नावाचा म्हातारा त्याचा माहूत होता. या हत्तीवर त्याने जन्मात कधी अंकुश उचलला नाही.

काशी, कोसल आणि चेदी ही तीन मोठी राज्ये आणि लहानसे अश्मक यांचे गांधारच्या राजाशी सख्य होते. एकावर आलेले संकट ते सगळ्यांवर आले असे समजू, अशी शपथ पाचही राजांनी घेतली होती. शपथ घ्यायला काय लागते! जेवणे झाली होती, विडे दिले होते, हवाही छान होती. पण एका वैशाखात उत्तरेकडच्या घोडेस्वारांनी गांधारच्या शिलाद्वार गडाला वेढा घातला आणि मग खरी परीक्षा आली.

शिलाद्वार म्हणजे हिमालयातल्या एका खिंडीच्या माथ्यावरचा गड. तो पडला तर उत्तरेकडून सगळ्या देशांना रस्ता मोकळा झाला असता. म्हणून गडावर गांधारच्या सैनिकांबरोबर काशी, कोसल आणि चेदीचीही माणसे आधीपासून ठेवलेली होती. घोडेस्वारांनी उत्तरेची बाजू अडवली. दक्षिणेची पायवाट इतकी उभी आणि अरुंद होती की ती अडवायची कोणाला गरजच वाटली नाही. माणसे भुकेने टेकीला येतील आणि आपण होऊन दार उघडतील, म्हणून ते खाली वाट पाहत बसले.

इकडे राजे मदतीच्या वाटणीला बसले. माणसे कोणी किती द्यायची, धान्य कोणी किती, लाकूडफाटा कोणी किती, यावर एवढी घासाघीस झाली की उन्हाळा गेला, पाऊस गेला, शेतात पिके उभी राहिली. शेवटी सगळ्यांत नाजूक प्रश्न निघाला. पुढे कोणी चालायचे? जो पुढे चालतो त्याला मान मिळतो, आणि बाणही आधी त्यालाच लागतो. म्हणून असा करार झाला की कोणीही कोणाच्या पुढे पाऊल टाकायचे नाही. तिन्ही सेनांनी एका रेषेत, शेजारी शेजारी जायचे. ज्याचे धान्य त्याच्याच जनावरांनी वाहायचे आणि गडावर ते ज्याच्या त्याच्या माणसांनीच खायचे. तिघांनी हातावर पाणी सोडले. सगळे कसे अगदी समसमान झाले म्हणून तिघेही खूश होते.

अश्मकात त्या वर्षी दुष्काळ होता. तिथल्या राजाने लाजत लाजत मेघनीलाला पाठवले, आणि बरोबर सोमिलाला.

कोसलचा सेनापती शंखदत्त हत्तीकडे पाहून हसला. “एवढ्यावरच भागवलं का तुमच्या राजानं?”

“दुसरा हत्ती नाही आमच्याकडं, महाराज,” सोमिल म्हणाला.

काशीच्या सेनेवर पिंगलक होता. माणूस सरळ, शब्दाचा पक्का, पण कामापलीकडे बघणारा नव्हे. त्याचा धाकटा भाऊ नंदिक शिलाद्वारावर अडकला होता. आईबाप लवकर गेले, तेव्हा पिंगलकाने या भावाला पाठीवर घेऊन वाढवले होते. निघताना ब्रह्मदत्ताने त्याला जवळ बोलावले आणि हळूच सांगितले, “पिंगलका, एक लक्षात ठेव. काशीची माणसं इतरांपेक्षा जास्त मरता कामा नयेत.” कोसलच्या आणि चेदीच्या राजांनीही आपापल्या सेनापतीला शब्दशः हेच सांगितले होते, हे त्याला कुठे ठाऊक!

सेना निघाल्या. काय तो थाट! रस्ता रुंद असेल तिथे तिन्ही सेना झोकात चालत. रस्ता अरुंद झाला की मधली सेना रस्त्यावरून जाई आणि कडेच्या दोन उभ्या पिकांतून. शेतकरी कपाळावर हात मारून बघत राहत. नदी आली तर तीन नावा एकमेकींना बांधून एकदम सोडत, मग त्या भोवऱ्यात गरगर फिरल्या तरी चालेल. तुम्ही हसाल, पण त्यांच्यापैकी एकालाही यात हसण्यासारखे काही दिसत नव्हते.

मेघनील सगळ्यांच्या मागून येई. वाटेत एका ओढ्याच्या चिखलात कोसलची धान्याची गाडी रुतली. बैल गुडघ्यांवर बसले. मेघनील गेला, त्याने गाडीला कपाळ लावले आणि ती काठावर ढकलून दिली. पुढे चेदीचे एक खेचर दगावले, तेव्हा त्याच्या पाठीवरच्या गोणी यानेच उचलून आपल्या पाठीवर घेतल्या.

पिंगलकाला हा अव्यवस्थितपणा खपेना. “माहुता, आवर तुझ्या हत्तीला. ते चेदीचं ओझं आहे.”

“सांगून पाहिलं, महाराज. त्याला चेदी कुठलं नि कोसल कुठलं, काही कळत नाही.”

“मग शिकव.”

सोमिलाने हत्तीच्या पाठीवरच्या गोणी नीट बसवल्या. पिंगलकही पुढे गेला, पण हत्तीचे ते शांत डोळे त्याला उगाच आठवत राहिले.

मार्गशीर्षात सेना शिलाद्वाराच्या पायथ्याशी पोचल्या आणि तिथे घोडे अडले. वर जाणारी वाट लादलेले एक जनावर जेमतेम जाईल एवढी, आणि तीवर छातीएवढे बर्फ. मधल्या वळणावर एका बाजूला नुसती दरी, आणि तिकडून वारा असा सुटे की उभा माणूस उचलून फेकून देई. तिथे शेजारी शेजारी चालणार कसे? कोणीतरी पहिले व्हायलाच हवे होते, आणि जो पहिला होईल त्याची माणसे बर्फ फोडताना मरणार हे उघड दिसत होते.

ज्यांचे राजे मानासाठी महिनोन्महिने भांडले, ते तिघे सेनापती आता एकदम नम्र झाले. शंखदत्त म्हणाला, “छे छे, पहिला मान चेदीचा.” चेदीचा सेनापती वीरबाहू म्हणाला, “आम्ही कोण? काशी वडीलधारी.” पिंगलक म्हणाला, “करार म्हणजे करार. कोणी कोणाच्या पुढे जायचं नाही.” असे दिवस जाऊ लागले. तिघेही शेकोटीपाशी बसत आणि एकमेकांना आग्रह करत.

मग एका दुपारी गडावरून गांधारचा एक सैनिक घसरत, गडगडत खाली आला. त्याच्या हाताची बोटे काळी पडली होती.

“धान्य संपलं,” तो म्हणाला. “भाल्यांचे दांडे जाळून झाले. आता धनुष्यं चुलीत घालतोय आम्ही. उद्यापर्यंत आलात तर या. नंतर येऊन उपयोग नाही.”

पिंगलकाने त्याला दंडाला धरले. “नंदिक आहे का?”

“आज सकाळी होता.”

पिंगलकाने त्याचा दंड सोडला. तो उठून दुसऱ्या दोघांकडे गेला, हात जोडले. वीरबाहूने शेकोटीत लाकूड सारले. शंखदत्त म्हणाला, “भाऊ तुमचा आहे, तुम्ही व्हा पुढं.” पण करार आपण मोडला तर हे दोघे त्याच पावली परत फिरतील, हे पिंगलकाला दिसत होते. आणि खरे सांगायचे तर त्याला भीतीही वाटत होती. एवढ्या बायाबापड्यांचे नवरे आणि मुलगे त्या बर्फात घालून तो राजाला काय तोंड दाखवणार होता? जनावरे बांधली होती तिथे जाऊन तो एका गोणीवर डोके धरून बसला आणि हमसून हमसून रडला.

कोणीतरी त्याच्या खालची गोणी ओढू लागले. त्याने वर पाहिले. मेघनील सोंडेने गोणी उचलू पाहत होता.

“ती कोसलची आहे,” पिंगलक सवयीने म्हणाला.

तेव्हा बोधिसत्त्व मनुष्यवाणीने बोलला. “सेनापती, यातली जी हाताला लागेल ती माझ्या पाठीवर चढवा. मी पुढं जातो.”

पिंगलक धडपडत उठला. ज्या जनावराला आपण शिकवायला निघालो होतो, त्याच्यापुढे त्याचे हात आपोआप जोडले गेले.

“तू उष्ण देशाचा,” तो म्हणाला. “हे बर्फ तुला मारील. तुझ्या राजाच्या वाट्याचं काम तर तू कधीच करून चुकलास. मग हे कशासाठी?”

“वाटे राजांनी केले. ते मला नीट समजत नाहीत. वर माणसं उपाशी आहेत, एवढं मात्र मला समजतं.”

सोमिलाने हत्तीचा पाय मिठीत धरला. “मेघा, नको रे बाबा. मी म्हातारा माणूस. तुझ्यावाचून मी कुणाकडं बघू?”

बोधिसत्त्वाने सोंड त्याच्या खांद्यावर ठेवली. “तू बरोबर चल, बाबा. मला तेवढं पुरे आहे.” सोमिलाने डोळे पुसले आणि स्वतःच्या हाताने त्याच्या पाठीवर गोणी चढवायला घेतल्या. मोळ्याही चढवल्या. काशीच्या, कोसलच्या, चेदीच्या, जशा हाताला आल्या तशा.

मग तो हत्ती बर्फात शिरला. छातीने बर्फ फोडत, पायाखाली दाबत, एक एक पाऊल रोवत तो वर चढू लागला, आणि त्याच्यामागे जिन्याच्या पायऱ्यांसारखी वाट उघडत गेली. खाली तिन्ही सेना तोंडात बोटे घालून उभ्या होत्या. चुलीपाशी बसलेलेसुद्धा उठले. डोंगरासमोर तो केवढासा दिसत होता, आणि तरी पाहणाऱ्याला डोंगरच लहान झाल्यासारखा वाटत होता.

पिंगलकाने समोरची एक गोण खांद्यावर मारली आणि तो मागून निघाला. ती कोणाची होती हे त्याने पाहिले नाही. त्याला पाहून एक कोसलचा सैनिक निघाला, मग चेदीचे दोघे, मग गोणी आणि मोळ्या उचलायला नुसती झुंबड उडाली. शंखदत्त ओरडून विचारू लागला की पुढे कोण आहे, काशी की चेदी? “हत्ती आहे, महाराज!” असे उत्तर आले. हत्तीबद्दल करारात काहीच नव्हते. शंखदत्ताला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्यानेही एक मोळी उचलली. पाठोपाठ वीरबाहूने.

वळण आले. वारा दरीतून किंचाळत वर येत होता. पहिली दोन माणसे पाऊल टाकताच कोलमडली; सोंडेने धरले म्हणून वाचली. तेव्हा बोधिसत्त्वाने पाठीवरचे ओझे उतरवून माणसांच्या हाती दिले आणि तो स्वतः दरीच्या कडेला आडवा उभा राहिला. वाऱ्याकडे पाठ नाही, तोंड नाही, सगळी कूस. वाट तिथे थोडी रुंद होती; त्याच्या आणि डोंगराच्या कड्याच्या मध्ये माणूसभर जागा उरली. तिथे वारा नव्हता.

“जा,” तो म्हणाला. “घाई करू नका. मी उभा आहे.”

माणसे जाऊ लागली. जाता जाता प्रत्येक जण त्या काळ्यानिळ्या अंगाला हात लावी आणि तो हात कपाळाला लावी. बाहेरच्या बाजूने बर्फ त्याच्या कुशीवर थराने चढत होते. पायाशी सोमिल बसला होता, त्याच्या पुढच्या पायाला पाठ टेकून. पिंगलक जवळून गेला तेव्हा बोधिसत्त्वाने त्याच्याकडे पाहिले आणि डोळे मिटून घेतले.

गडाचे दार उघडले. आत माणसे भिंतीला टेकून बसली होती. काहींना दार उघडल्याचेही भान नव्हते. पिंगलकाने त्यांच्यात नंदिकाला शोधून काढले. तो हाडांचा सापळा झाला होता, पण श्वास चालू होता. पिंगलकाने त्याला कुशीत घेतले आणि शेजारच्या सैनिकाने आणलेली पातळ पेज घोट घोट पाजली. पेज चेदीच्या तांदळाची होती, लाकूड कोसलचे होते. नंदिकाने डोळे उघडले आणि “दादा” म्हणाला. पिंगलकाला त्याहून जास्त काही ऐकायचे नव्हते.

अंधार पडायच्या आत शेवटची तुकडी आत आली. एकही माणूस दरीत गेला नव्हता. गडावर चुलीच चुली पेटल्या, आणि त्यांच्यावर काय शिजते आहे आणि कोणासाठी, हे कोणी विचारले नाही.

तेव्हा पिंगलक घोंगड्या घेऊन धावत वळणाकडे गेला. “सोमिला, आण त्याला वर! सगळे पोचले!”

सोमिल तसाच बसून होता. त्याने मान वर केली.

“तो गेला, महाराज. केव्हाचा गेला. निम्मी माणसं अजून खालीच होती तेव्हा.”

पिंगलकाच्या हातातून घोंगड्या पडल्या. त्याने पुढे होऊन हात लावला. ते अंग दगडासारखे थंड होते. चारही पाय बर्फात रोवलेले, मान ताठ, कूस वाऱ्याकडे. मेल्यावरही तो पडला नव्हता. आणि निम्मी सेना, खुद्द शंखदत्त आणि वीरबाहूसुद्धा, त्याच्याच आडोशाने वर आली होती.

“सांगितलं का नाहीस?” पिंगलकाने विचारले.

“सांगितलं असतं तर माणसं थांबली असती,” सोमिल म्हणाला. “त्याला ते आवडलं नसतं.”

पिंगलक त्या बर्फात गुडघ्यांवर बसला. सोमिलाला त्याने घोंगडीत घेतले. गडावरचा एवढा धूर पाहून चार दिवसांत घोडेस्वार उत्तरेकडे परत फिरले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवन विहारात ही कथा सांगितली ती अशा कारणाने, की एक भिक्खू आजारी पडला होता, आणि त्याची सेवा करण्याची पाळी कोणाची, यावरून दोघे वाद घालत राहिले. तोवर तो आजारी माणूस पाण्यावाचून तळमळत पडला होता. शास्त्यांनी स्वतः जाऊन त्याला धुतले, पुसले, पाणी पाजले आणि मग सगळ्यांना जवळ बसवून हे सांगितले.

शेवटी ते म्हणाले, “भिक्खूंनो, तेव्हाचा पिंगलक म्हणजे आजचा मौद्गल्यायन. गडावरचा नंदिक म्हणजे हा आजारी भिक्खू. सोमिल माहूत तो आनंद. मेघनील हत्ती मीच होतो. शंखदत्त आणि वीरबाहू यांची आजची नावं मी घेत नाही. ते मागच्या ओळीत मान खाली घालून बसले आहेत.”

मागच्या ओळीतले दोघे उठले, घागर घेतली आणि विहिरीकडे गेले. आपला वाटा संपल्यावरही ज्या बळाने माणूस दुसऱ्याचे ओझे उचलतो, ते बळ म्हणजे वीर्य. बोधिसत्त्वाने त्या जन्मी वीर्यपारमिता, म्हणजे त्या बळाची परिसीमा, पूर्ण केली.