पश्चिमेची बंद खिडकी

इमारतींतला उष्मा आणि वारा यांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध प्राध्यापकांकडे एकदा एक शिष्या संशोधन करीत होती. कचेरीतली माणसे किती उकडले म्हणजे खिडकी उघडतात आणि केव्हा लावतात, याचे गणित तिने दोन वर्षे खपून मांडले होते. एका कचेरीच्या प्रत्येक खिडकीला तिने नोंदयंत्र बसवले होते. त्या आकड्यांत पश्चिमेच्या दालनातली खिडकी तेहतीस अंशांनाही उघडलेली दिसेना. तिने निष्कर्ष लिहिला, 'येथील कर्मचाऱ्यांस उष्मा बाधत नाही. नव्या इमारतीत ही बाजू काचबंद करावी.'

प्राध्यापकांनी तेवढेच पान वाचून प्रबंध मिटला. "उद्या दिवसभर त्या खिडकीपाशी जाऊन बस. मग सही करतो."

शिष्येला हे चमत्कारिक वाटले. हजारो नोंदींपुढे एका दिवसाच्या बसण्याची काय मातब्बरी? तरी ती गेली.

दुपारी तीनला ऊन थेट टेबलावर आले. घामाने तिचे कपडे पाठीला चिकटले. शेजारच्या टेबलावरच्या निमकरबाई कोपऱ्याकडे पाठ करून फायलीच्या पुठ्ठ्याने वारा घेत होत्या, पण खिडकीकडे कुणी पाहतसुद्धा नव्हते. अखेर न राहवून तिने उठून कडी काढली.

"अहो ताई, नको!" निमकरबाई ओरडल्या.

उशीर झाला होता. शेजारच्या बांधकामावरची सिमेंटची धूळ वाऱ्याबरोबर आत घुसली. कोपऱ्यातले कारकून भोंडवे खोकू लागले, टेबलावर ओणवे झाले, त्यांचे ओठ निळे पडले. कुणी धावत खिडकी लावली, कुणी त्यांच्या तोंडाशी दम्याचा पंप धरला. बऱ्याच वेळाने त्यांचा श्वास ताळ्यावर आला. शिष्या भिंतीला टेकून उभी होती.

"दोन उन्हाळे आम्ही नऊ जण ती उघडत नाही," निमकरबाई तिच्या कानाशी म्हणाल्या. "त्यांच्यासमोर 'उकडतंय' हा शब्दही काढत नाही. संकोचून बदली मागतील हो."

संध्याकाळी प्राध्यापकांना हे सांगताना तिला रडू आवरेना. "सर, माझ्या हातून माणूस गेला असता."

"माझ्याही हातून," प्राध्यापक म्हणाले. "त्या उष्म्यात कुणी सुखाने बसत नाही, एवढेच मला ठाऊक होते. कारण ठाऊक नव्हते. तिथे कुणाला तरी विचार, असे सांगायचे सोडून मी तुला नुसते बसायला धाडले. तुझे यंत्र खोटे बोलले नाही, मुली. खिडकी बंद आहे, एवढेच ते म्हणाले. माणसे सुखी आहेत, हे तू लिहिलेस."

तो निष्कर्ष तिने तिथेच खोडला. दुसऱ्या दिवशी दोघेही भोंडव्यांपुढे हात जोडून उभे राहिले.

"पण बाई, तुम्ही खिडकी उघडलीतच का?" भोंडव्यांनी विचारले.

"फार उकडत होतं मला."

भोंडव्यांनी दालनभर नजर फिरवली. एकेकाची भिजलेली कॉलर, कपाळावर चिकटलेले केस ते पाहत राहिले.

"अहो, मग इतके दिवस तुम्ही सगळे..."

निमकरबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि त्या आपल्या फायलीकडे वळल्या.