मोरी कक्षाला जागा

त्या राज्यात पाऊस थोडा पडे आणि पाणी एकाच ठिकाणी साठे. टेकडीच्या पोटात एक टाके खोदलेले होते. टाक्याच्या तळाशी मोरी होती आणि मोरीत लाकडी दट्ट्या बसवलेला होता. दट्ट्या ओढला की पाणी पाटाने रानातल्या डबक्यांकडे जाई.

टाके सांभाळण्याचे काम साळिंदरांकडे होते. साळिंदराला पाणी फार लागत नाही, म्हणून ते पाणी चोरणार नाही, असे जुन्या जाणत्यांनी ठरवले होते. ते खरेच ठरले. टाक्यातला एक थेंबही कधी चोरीला गेला नाही.

अडचण निराळी होती. साळिंदरे एकमेकांना टोचत. कोणी शेजाऱ्याला पान द्यायला वळले की त्याच्या कुशीत काटा जाई. म्हणून सगळ्यांत थोरल्या साळिंदराने, ज्याला सगळे रावसाहेब म्हणत, अंतर कक्ष उघडला. कोणी कोणापासून किती हात दूर बसायचे, हे तो कक्ष ठरवू लागला. भांडणात गळलेले काटे ज्याचे त्याला परत मिळावेत म्हणून काटे कक्ष निघाला. मग कोणते साळिंदर कोणत्या कक्षाचे, हे कोणालाच आठवेना, तेव्हा नेमणूक कक्ष आला. सगळे कक्ष मनापासून काम करीत. दमून घरी जात.

त्या उन्हाळ्यात पाणी सोडायचा हुकूम देणारा जुना मोरी कक्ष मोडला. त्याची चार साळिंदरे नव्या कक्षांना हवी होती. मोरीचे काम पुढे कोणाकडे द्यायचे, हे सावकाश ठरणार होते.

भागा नावाच्या बेडकीला यातले काही माहीत नव्हते. तिच्या डबक्यात तिची पिल्ले होती, अजून नुसती शेपटीची. त्यांना पाय फुटायला नऊ दिवस हवे होते. डबक्यात पाणी पाच दिवसांचे होते.

ती आधी गोंदाकडे गेली. गोंदा हा ऊद, म्हणजे पाणमांजर. दट्ट्या ओढायचे काम त्याचे.

"गोंदामामा, ओढता का जरा? ओंजळभर आलं तरी भागेल."

"ओढायला काय गं, दातात धरला की आला," गोंदा म्हणाला. "पण कोणीतरी ओढ म्हणायला पाहिजे. आधी मोरी कक्ष म्हणायचा. आता मी कुणाचा, तेच ठरलं नाही."

"मग तुमच्या मनानं ओढा."

"आणि बीळ? हे बीळ कामाबरोबर मिळालंय, भागे. आत पाच तोंडं आहेत."

भागा टेकडीवर चढली. चढायला तिला अख्खा दिवस लागला. रावसाहेबांनी तिला सावलीत बसवले आणि तिचे सगळे ऐकून घेतले.

"बाई, तुमचं म्हणणं रास्त आहे. पाणी भरपूर आहे. नाही कोण म्हणतंय?"

"मग सोडा ना, साहेब."

"सोडायला हुकूम लागतो. हुकमाला मोरी कक्ष लागतो. तो आम्ही पुन्हा उघडतोय, तुमच्यासारख्यांसाठीच. फक्त त्याला जागा नाही. इथं बघा, वळायलासुद्धा होत नाही." दाखवायला म्हणून ते वळले.

"आई गं!" मागचे साळिंदर ओरडले. "रावसाहेब, आज तिसऱ्यांदा!"

"बघितलंत?" रावसाहेब भागाला म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरच खेद होता.

दुसऱ्या दिवशी अंतर कक्षाची साळिंदरे दोरी घेऊन जागा शोधायला निघाली. मोरी कक्षात सहा जण बसणार होते. दोघांत सात हात अंतर हवे. टेकडीवर तेवढी सपाटी नव्हती. शिवाय जमीन मऊ हवी, कारण खडकावर बसून काटे झिजतात, असे काटे कक्षाने लिहून दिले होते.

भागा डबक्याकडे परतली तेव्हा पाणी मधल्या खळगीत आले होते. पिल्ले एकमेकांच्या अंगावर वळवळत होती. ती टाक्याच्या ओल्या भिंतीला पाठ घासून येई आणि पिल्लांवर पाठ निथळवी. वाटेत ऊन असे. निथळायला फारसे काही उरत नसे.

पाचव्या दिवशी ती पुन्हा गोंदाकडे गेली. ती बिळासमोर बसून राहिली. गोंदा पाण्यात उतरला. त्याने दट्ट्या दातात धरला आणि ओढला. दट्ट्या करकरला, मोरीतून बोटाएवढी धार निघाली. तेवढ्यात बिळातून त्याच्या बायकोने हाक मारली, "अहो, काय करताय?" गोंदाने दट्ट्या सोडला. धार पाटातल्या पहिल्या दगडापर्यंत गेली आणि मातीत मुरली.

"भागे, माझ्याकडे बघू नकोस," तो म्हणाला.

सहाव्या दिवशी डबके आटले.

त्यानंतर तीन दिवसांनी एक साळिंदर भागाला शोधत आले. ती पाटाच्या कडेला दगडाखाली होती.

"बाई, चला! गोड बातमी आहे. मोरी कक्ष उघडला. जागा मिळाली. सपाट, मोकळी, मऊ. कोणाचीच नव्हती. आणि तुमचा अर्ज पहिला घेतलाय."

भागा त्याच्या मागून गेली. वाट तिच्या पायाखालचीच होती.

तिच्याच डबक्याच्या तळात सहा साळिंदरे सात सात हातांवर बसली होती. कोणी कोणाला टोचत नव्हते. रावसाहेब काठावर उभे राहून समाधानाने पाहत होते. गोंदालाही बोलावले होते. तो आता या कक्षाचा होता. त्याच्या गळ्यात तसे पान बांधले होते, आणि तो मान वर करीत नव्हता.

मधल्या खळगीत मुख्य साळिंदर बसले होते. त्याने समोर जमिनीवर एक पान पसरले, आपलाच एक काटा उपटला आणि लिहायला घेतले.

"पाणी मंजूर आहे, बाई. आजच सोडू. कुठल्या डबक्यात सोडायचं, तेवढं दाखवा."

भागा त्याच्या पायांकडे पाहत राहिली.

ते तिच्या उत्तराची वाट पाहत होते. तेवढ्यात पान खडबडीत लागते म्हणून त्याने ते उचलले, खालचा वाळलेला चिखल पंजाने हळूच सारखा केला आणि पान पुन्हा त्यावर पसरले.