न पाहिलेला कौल

आमच्या वेळजाईच्या देवळात कौल लावतात, पण पाहत नाहीत. देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवायची, मनातलं विचारायचं आणि पाकळी गळण्याआधी सगळ्यांनी पाठ फिरवायची. उजवी गळली तर होकार, डावी गळली तर नकार, हे सगळीकडचंच. इथे मात्र कोणती गळली ते गुरवसुद्धा बघत नाही. पाहुणे हसतात. "मग विचारता कशाला?" म्हणतात.

हसा हो, पण आवडाईचं ऐकून जा.

फार मागे, म्हणे, आवडाईचा नवरा वादळात होडीसकट गेला. सहा दिवस गावच्या होड्या शोधत फिरल्या. सातव्या दिवशी माणसं थकली. मग कौल लावायचं ठरलं. तो जिवंत असेल तर शोधायचं. नसेल तर होड्या वर ओढायच्या आणि आवडाईच्या बांगड्या उतरवायच्या.

डावी गळली.

आवडाईने गुरवाचे पाय धरले. पुन्हा लावला, पुन्हा डावी. तिसऱ्यांदा उजवी गळली, तेव्हा तिचा धाकटा दीर भिवा म्हणाला, "वहिनी, उजवी पडेपर्यंतच लावायचा, तर देवी कशाला हवी? तुम्हीच सांगा की काय ते!"

खोटं नव्हतं त्याचं.  पण आवडाई म्हणाली, "भावजी, डावी पडली म्हणून मी देवी सोडली नाही. उजवी पडली, तुम्ही धरलीत का?"



तिने चौथ्यांदा पाकळ्या लावल्या आणि पदराने देवीला झाकलं. "कुणी बघू नका. आई, तुझं उत्तर तुझ्यापाशी ठेव. मला फक्त होड्या दे."

नकार कुणी पाहिलाच नाही, मग होड्या अडवायच्या कशाच्या जोरावर? पहिला भिवाच उठला.

तिन्हीसांजेला तो परतला. होडीत दोन परके खलाशी होते, आदल्या दिवशी बुडालेल्या गलबताचे, फळीला धरून तगलेले. आवडाईचा नवरा नव्हता. तिने दोघांना पेज पाजली आणि मग रडली, असं सांगतात.

"मागितलं एक, दिलं भलतंच," भिवा पुटपुटला.

"दिलं ना, भावजी?"

नवरा कधीच आला नाही. ती हिरव्या बांगड्यांनिशीच गेली.

आजही आमच्याकडे कुणाचं माणूस संकटात असलं की कौल लावून पाठ फिरवतात आणि पायरी उतरून थेट निघतात, कुणी बंदरावर, कुणी दवाखान्यात. मान वळवावीशी वाटते. मलाही वाटली आहे. तेव्हा मी हातातल्या बांगड्या जरा वर सारते आणि चालू लागते.