शास्त्रीबुवांचं अर्धं वाक्य

“उद्या मावळतीच्या आत विश्वंभरशास्त्र्यानं माझं राज्य सोडायचं!” चंद्रसेन राजा कडाडला. “भर बाजारात म्हणतो, विहिरी बुजवून टाका! ऐन उन्हाळ्यात!”

ही खबर दिवाणजींनीच आणली होती. शास्त्रीबुवांची जीभ तिखट. निम्मं गाव आधीच त्यांच्यावर रुसलेलं. त्यांच्या बाजूनं कुणी ब्र काढीना. राजवाड्यात माठ पोचवायला आलेली हौसा कुंभारीण मात्र पुढं झाली. तिला गप्प राहवेना.

“महाराज, मी तिथंच मडकी विकत बसले होते. बुवा म्हणाले, ‘तहानलेल्याला हाकलणार असाल, तर विहिरी बुजवून टाका!’ चौकातल्या विहिरीवर दिवाणजींचा पहारा आहे. वाटसरूंना घोटभर पाणी मिळत नाही, म्हणून बोलले ते.”

“‘विहिरी बुजवून टाका’ हे शब्द त्याचेच ना?”

“शब्द त्यांचेच, पण—”

“पण नाही नि बिण नाही! साक्षी-पुरावे मला नकोत. शास्त्र्यावर खोटा आळ आलाय, हे उद्यापर्यंत माझ्याच तोंडून वदवून दाखव. तू जिंकलीस, तर माझा हत्ती घेऊन जा!”

दरबार खदखदून हसला. हौसा मान खाली घालून निघाली खरी, पण दारापर्यंत पोचता पोचता तिचे डोळे लुकलुकले. ती तडक हत्तीखान्यात गेली.

“माहूतदादा, महाराज म्हणाले, ‘माझा हत्ती घेऊन जा!’”

माहूत चक्रावला. त्यानं भालदाराला गाठलं.

“महाराजांच्या तोंडचेच शब्द आहेत,” भालदार म्हणाला. “या कानांनी ऐकले!”

मग काय! हौसा हत्तीवर बसून भर बाजारातून निघाली. “हौसे, साखर कधी वाटतेस गं?” लोक ओरडू लागले. सज्जातून राजानं ते पाहिलं मात्र, शिपाई धावले आणि हौसाला हत्तीसकट वाड्यासमोर घेऊन आले.

“चोरटे! माझा हत्ती पळवतेस?”

“महाराज, ‘माझा हत्ती घेऊन जा’ हे शब्द आपलेच ना?”

“शब्द माझेच! पण आधी ‘तू जिंकलीस, तर’ म्हणालो होतो. ते कुठं गिळलंस? निम्मं वाक्य उचलून माणसाच्या नावावर खपवायचं, हा शुद्ध खोटा आळ आहे!”

“वदलात, महाराज!” हौसानं हत्तीवरूनच हात जोडले. “आता बुवांचं निम्मं वाक्य कुणी गिळलं, तेही विचारा!”

राजानं दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी पगडी सावरू लागले. आणि राजाला असं हसू फुटलं, की डोळ्यांतून पाणी आलं!

“जिंकलीस! शास्त्रीबुवा इथंच राहतील. आणि हत्ती तुझा!”

“नको, महाराज! शेपटी हलवली तरी माझी सगळी मडकी फुटतील. त्यापेक्षा विहिरीवरचा पहारा उठवा.”

“उठवला! आणि तळ्याकाठची मडक्यांच्या मातीची जमीन तुला इनाम!” राजा पोट धरून हसत दिवाणजींकडे वळला. “दिवाणजी, उन्हाळा सरेपर्यंत वाटसरूंना पाणी शेंदून द्यायचं. तेही स्वतःच्या हातांनी!”