खोडायची बारा नावं

मेळघाटातल्या लसीकरणासाठी तीन संस्था एकत्र आल्या होत्या. मुलांची मोजणी गावातल्या संस्थेकडे, आकडेवारी शहरातल्या संशोधन केंद्राकडे आणि लस परदेशी संस्थेची. बैठकीत केंद्राचे डॉ. खांडेपारकर म्हणाले, "आमच्या संगणकाचा अंदाज चारशेचा आहे. कास्देकरबाई, तुमची मुलं चारशे बारा भरतात. आकडा सुधारा. डोस चारशेच येतील."

घरोघर फिरून मोजणी केलेल्या फुलवंती कास्देकरांनी आपली वही त्यांच्यापुढे सरकवली.

"सुधारते की, साहेब. यात सगळ्यांची नावं आहेत. कोणती बारा नकोत, त्यांवर तुम्ही रेघ मारा अन् शेजारी सही करा. त्यांच्या आयांना दाखवायला मी जाते."

साहेबांनी पेन उघडलं. दोन पानं उलटली आणि पेन बंद केलं.

महिन्याभरानं चारशे बारा डोस आले.