चारशे फायली

नर्सिंग कॉलेजच्या संगणकावर मृदुलाने एक पहारेकरी प्रोग्राम बसवला होता. चारशे फायलींपैकी एकीत जरी कुणी गुपचूप फेरफार केला, तरी तो सकाळी इशारा द्यायचा. पण बहुतेक इशारे फुसके निघायचे, त्यामुळे 'मान्य' दाबून पुढे जायची सवयच लागलेली. मंगळवारी लेकीला ताप होता. पाळणाघराचा फोन येईल म्हणून सगळं लक्ष तिकडे, आणि मृदुलाने न वाचताच 'मान्य' दाबलं. एकदा 'मान्य' म्हटलं की पहारेकरी बदललेली फाईल खरी धरतो नि जुनी विसरतो.

बुधवारी प्रवेशयादी छापायला घेतली, तर गुणांवर निवड झालेल्या रोशनी तडवीच्या जागी संस्थेच्या अध्यक्षांची भाची! यादी अजून कुणीच पाहिली नव्हती. पुरावा मात्र मृदुलाने स्वतःच पुसला होता.

तरी ती त्याच दुपारी संस्थेच्या सभेत चाचरत उभी राहिली. "सर, संगणकातली एक फाईल कुणीतरी बदललीय."

"काहीतरीच काय बोलता बाई!" अध्यक्ष गरजले. "प्रवेशयादीला कुणी हातसुद्धा लावलेला नाही!"

"सर, फायली चारशे आहेत. मी अजून फाईलचं नाव कुठे घेतलं?"

सभेने लगेच सगळ्यांचे गुण पुन्हा तपासायला लावले. संध्याकाळी यादी लागली, ती रोशनीच्या नावासकट.

शिपायाकडून सभेतलं सगळं कळल्यावर रोशनी पेढे घेऊन आली. "मॅडम, तुमच्यामुळेच राहिलं माझं नाव!"

मृदुलाने पेढा तसाच टेबलावर ठेवला. "अगं, मंगळवारी मी…" एवढंच ती म्हणाली. पुढचं वाक्य तिला अजून जमलेलं नाही.